गोल कोपऱ्यांचं जाड चौकोनी अक्षर कसं काढायचं: ठाणे ते वाशी, स्टेशनागणिक

आधी कुठल्या अक्षराबद्दल बोलतोय ते सांगतो. साबणाची नवी वडी बघा, किंवा जुन्या टीव्हीचा पडदा. धड चौकोन नाही, धड गोल नाही, बाजू किंचित फुगलेल्या आणि कोपरे वळलेले. ह्या आकारात बसवलेलं जाडजूड अक्षर म्हणजे आपला आजचा विषय. दुकानाचे बोर्ड, गोविंदा पथकाचे टी-शर्ट, क्रिकेट टुर्नामेंटचे बॅनर, गेमचे लोगो, सगळीकडे हे चालतं, आणि देवनागरीत ते नीट काढलेलं फार कमी दिसतं, कारण बहुतेक जण इंग्रजीचा साचा उचलतात, वर शिरोरेघ ठोकतात आणि झालं म्हणतात.

मी ठाण्याच्या नौपाड्यात बोर्डांची डिझाइनं करतो. कॉलेजात टाइप डिझाइन शिकलेलो नाही, जे आलं ते फॅब्रिकेटरच्या, म्हणजे बोर्ड कापून-जोडून देणाऱ्याच्या, शिव्या खाऊन आलं, त्यामुळे हा लेख त्याच क्रमाने आहे. नवीन माणसाने काय आधी करावं, काय नंतर, आणि कुठे माझ्यासारखं तोंडावर पडू नये.

थोडा इतिहास, चहा होईपर्यंत

ही फॅशन इटलीतून आली. तूरिनच्या नेबिओलो फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यात, आल्डो नोवारेझे आणि अलेस्सांद्रो बुत्ती ह्यांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा नावाचा अक्षरसंच काढला, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं आणि आकडे होते. मग १९६२ मध्ये नोवारेझेने त्यालाच स्मॉल अक्षरं जोडून युरोस्टाइल काढला. तुम्ही अवकाशयानाच्या, मशिनरीच्या, घड्याळाच्या डायलवरच्या म्हणून जी अक्षरं ओळखता त्यातली बरीच ह्याच घराण्यातली. ह्या आकाराला गणितात सुपरएलिप्स म्हणतात. पीट हाइन नावाच्या डॅनिश माणसाने तो १९५९ मध्ये स्टॉकहोमच्या एका चौकासाठी सुचवला आणि प्रसिद्ध केला. लंबवर्तुळाच्या समीकरणात घात २ असतो, त्याने तो २.५ घेतला, बस एवढंच. घात वाढवत न्या, आकार चौकोनाकडे सरकत जातो. हे आत्ता लक्षात ठेवा, पुढे सॉफ्टवेअरात रेघेचं वळण बदलणाऱ्या काड्या, म्हणजे हँडलं, ओढताना कामाला येईल.

आपल्याकडे फुकट मिळणाऱ्या फॉन्टांत दोन टोकं आहेत. एकीकडे ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेचे बलू २ आणि मोदक, गुबगुबीत, मोदकमध्ये तर अक्षराच्या पोटात फक्त एक चीर उरते. दुसरीकडे इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको, खंड, राजधानी, चौकोनी, उंच आणि सडपातळ. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर ओपन लायसन्समध्ये आहेत, उतरवून घ्या, एकच शब्द पाचही फॉन्टांत टाइप करून प्रिंट काढा आणि भिंतीवर लावा. आपल्याला ह्या दोन टोकांच्या मधलं काहीतरी हवंय. नक्कल करायला नाही सांगत, आधीच्यांनी अडचणीची अक्षरं कशी सोडवली ते बघायला सांगतोय.

पहिलं काम: फॉन्ट बनवायचा नाही

खरंच सांगतो. पूर्ण देवनागरी फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्यांचे वेगवेगळ्या रुंदीचे तुकडे धरून शेकडो ग्लिफ, म्हणजे सुटे आकार, होतात आणि नवा माणूस क, ख, ग करत ‘ङ’पर्यंत पोचतो आणि सोडून देतो. मुळाक्षरांच्या क्रमाने जाऊच नका. शब्द घ्या.

मी सगळ्यांना ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्स हार्बरची स्टेशनं काढायला लावतो. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. मोजून बघा, ह्या नऊ नावांत एकोणीस वेगवेगळी व्यंजनं आहेत, म्हणजे मराठीच्या चौतीसपैकी निम्म्याहून जास्त, शिवाय ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, एक मात्रा, दोन मात्रा, उकार आणि रफार. एवढं सरळ झालं की अर्धा डोंगर चढलात. त्यात ‘य’ आणि ‘म’ नाहीत, त्यासाठी येऊर आणि मुंब्रा नंतर घ्या.

सामान: ग्राफची वही, मऊ पेन्सिल, खोडरबर. कॉम्प्युटरवर इंकस्केप किंवा फॉन्टफोर्ज, दोन्ही फुकट. मॅक असेल आणि पैसे घालायची तयारी असेल तर ग्लिफ्स नावाचं सॉफ्टवेअर उत्तम. बोर्डवाल्यांच्या दुकानात कोरलड्रॉ चालतं, तुम्हाला तेच येत असेल तर त्यातच काढा, काही बिघडत नाही.

ठ काढा, आणि ठ च्या आतलं आधी काढा

‘ठाणे’चा ठ म्हणजे ह्या कामासाठी देवाने दिलेलं अक्षर. वर शिरोरेघ, एक छोटा दांडा, खाली गोल. हा गोल आपल्याला साबणाच्या वडीसारखा करायचाय.

इथे प्रत्येक जण पहिली चूक करतो: सॉफ्टवेअरचं गोल कोपऱ्यांच्या चौकोनाचं टूल घेतो, जाड आउटलाइन देतो, संपलं. मग लांबून बघतो तर अक्षर प्लंबरच्या पाइपसारखं दिसतं. कारण दोन आहेत. त्या टूलमध्ये सरळ रेघ संपते आणि तिथून एकदम वर्तुळाचा तुकडा सुरू होतो, त्या सांध्यावर डोळ्याला बारीक ठेच लागते, मोठ्या बोर्डावर तर स्पष्ट दिसते. आणि दुसरं, आडवी आणि उभी रेघ मोजून सारखी जाड असली तर आडवी नेहमी जास्त जाड वाटते. ती थोडी बारीक करावीच लागते.

त्यामुळे असं करा. चार बाजूंच्या बरोब्बर मध्यावर चार पॉइंट टाका, कोपऱ्यात एकही नाही. प्रत्येक पॉइंटची हँडलं सरळ आडवी किंवा सरळ उभी, तिरकी अजिबात नाहीत. आता हँडलची लांबी. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराच्या ५५ टक्के ओढली की वर्तुळ होतं, ६९ टक्क्यांच्या आसपास तो पीट हाइनचा २.५ वाला आकार येतो, आणि मी ७५ ते ८० मध्ये थांबतो. त्याच्या पुढे गेलं की चौकोनच, मग गोल कोपऱ्यांची गंमत राहत नाही. ५५ पासून पाच-पाच टक्क्यांनी वाढवत सहा ठ काढून शेजारी शेजारी ठेवा. ह्या दहा मिनिटांत जे कळतं ते माझ्या पाच पॅरेग्राफांत कळणार नाही.

आणि आता ह्या सगळ्या लेखातली माझी मुख्य गोष्ट, वाटल्यास बाकी विसरा. आधी आतलं पांढरं काढा. अक्षराचं पोट. जाड अक्षर काढताना आपण काळं काढत जातो आणि पांढरं उरेल तेवढं उरतं, ते उलटं करायचं. पोट किती मोठं हवं, त्याचे कोपरे किती वळलेले हवेत, हे आधी ठरवा, मग भोवती काळं चढवा. आतला कोपरा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी गोल ठेवा. बाहेरच्या इतकाच गोल केला तर पोटाची गोळी होते आणि कोपऱ्यात काळं साचतं. आत जवळजवळ चौकोन, बाहेर साबण, ह्या फरकामुळेच अक्षराला वजन येतं.

माझे आकडे देतो, १००० युनिटच्या चौकटीत. हे शास्त्र नाही, मला जमलेलं माप आहे. तळापासून शिरोरेघेच्या वरपर्यंत ६६०. उभी रेघ १४०, आडवी ११०, शिरोरेघ १०५. म्हणजे शिरोरेघेखाली उरले ५५५. व ची वाटी बाहेरून ४०० उंच धरली तर दोन आडव्या रेघांचे २२० जाऊन पोटात १८० उरतं, छान मोकळं. आता ह्याच मापात ‘इ’ काढून बघा. शिरोरेघेखाली चार आडव्या वळणांचे ४४० झाले, उरले ११५, आणि त्यात तीन फटी मावायच्या आहेत. मावतच नाहीत, अक्षराचा डांबराचा गोळा होतो. म्हणून इ, ई, ह, झ सारख्या गर्दीच्या अक्षरांत आडवी रेघ ८० वर आणायची, मग ३२० जाऊन २३५ उरतात. मनात येईल की मग इ बारीक दिसेल ना. नाही दिसत. डोळा रेघ मोजत नाही, काळ्या-पांढऱ्याची मिसळ बघतो. मिसळीत फरसाण जास्त झालं तर रस्सा कमी लागणारच, तसं.

मग एकेक स्टेशन

दिघा. ‘दि’ची वेलांटी वरून वळून द च्या दांड्यावर यायला हवी. चौकोनी स्टाइलमध्ये ही कमान सपाट होते आणि शिरोरेघेला समांतर दुसरी शिरोरेघ तयार होते, दोन मजली बिल्डिंग. उपाय असा की वेलांटी शिरोरेघेपेक्षा बारीक ठेवा, ८० ते ८५, आणि तिची एकच बाजू चौकोनी वळवा, दुसरी उतरती सोडा. थोडी बेशिस्त चालते, किंबहुना हवीच.

ऐरोली आणि रबाळे. इथे ल आणि ळ. मराठीचा ल वेगळा, हिंदीचा वेगळा, हे बाहेरच्या फॉन्टांत नेहमी चुकतं. आपला तो पाकळीचा ल आणि देठाचा श, शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिलेले. जाड अक्षरात ल च्या दोन पाकळ्या चौकोनी करताना एक नियम पाळा, डावी पाकळी उजवीपेक्षा जरा लहान. सारख्या केल्या की चष्मा दिसतो. पुढे कधी पूर्ण फॉन्ट केलात तर हिंदीचे ल-श वेगळे काढून ठेवा, सॉफ्टवेअरला भाषा सांगून हवा तो दाखवता येतो.

घणसोली आणि कोपरखैरणे फार त्रास देत नाहीत. ण चे पाय सरळ असतात, स ची गाठ छोटी ठेवली की झालं. ख मात्र जोडूनच काढा, खालचं टोक पुढच्या भागाला भेटलं पाहिजे, नाहीतर ‘खैरणे’चं ‘रवैरणे’ होतं, जाड अक्षरात तर हमखास.

आता तुर्भे. ह्या एका स्टेशनावर मी आठवडा काढलाय. त ला उकार खाली, भ वर मात्रा आणि त्याच मात्रेच्या शेजारी रफार, सगळं वर. शिरोरेघेवर मी २५० युनिट जागा ठेवतो, मात्रेची जाडी ९०, रफारची ८०, आणि दोघांना आपापलं गोल टोक हवं. वेगवेगळे काढून एकमेकांवर ठेवले तर दोन्हीचा मिळून काळा डाग होतो. म्हणून मात्रा आणि रफार मिळून एकच आकार काढायचा, दोघांची मुळं एकत्र आणि टोकं फाकलेली, मध्ये किमान ५० युनिटची पांढरी फट. आधी ग्राफच्या वहीवर मोठ्ठं काढा, एक चौकोन म्हणजे १० युनिट. फट आधी रंगवून ठेवा, मग बाकीचं. तुर्भे जमलं की वर्तकनगर, सर्वोदय, मार्केट, रफारवाले सगळे शब्द आपोआप सोपे होतात.

सानपाडा आणि वाशी म्हणजे बक्षीस. न, प, व तसेच चौकोनी, जवळजवळ स्वतःच काढून होतात.

धान्य भांडारची गोष्ट

भ आलाच आहे तर सांगून टाकतो. सुरुवातीच्या दिवसांत एका किराणावाल्या काकांचा बोर्ड केला, पाच मिलिमीटर ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं, लाल, मागे पांढरी एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा थर असलेला पत्रा). मी विचार केला की देवनागरीचा फायदा घेऊ, शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, मजबूत होतो, बसवायला सोपा. म्हणून सगळ्या अक्षरांवर शिरोरेघ सलग ओढली. सगळ्या म्हणजे सगळ्या. ध आणि भ ह्यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्या दिवशी डोक्यात मजबुती बसली होती. गाठीही जाडीच्या नादात भरून गेल्या होत्या.

बोर्ड लागला, काका रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, हाक मारली आणि म्हणाले, “अरे, हे घान्य मांडार काय लिहिलंयस?”

गेलो पलीकडे. खरंच घान्य मांडार. पूर्ण कप्पाळमोक्ष. ॲक्रिलिकचे पैसे माझ्या खिशातून गेले. आणि सगळ्यात मूर्खपणा म्हणजे दोन्ही शब्दांत ते अक्षर पहिलंच होतं, शिरोरेघ तिथे तुटली असती तरी तुकडा वेगळा होणारच नव्हता!

तेव्हापासूनचा नियम: ध, भ, थ ह्यांची वरची फट आडव्या रेघेच्या निम्म्याहून कमी कधीच नाही, म्हणजे माझ्या मापात ५५ च्या खाली नाही, आणि गाठीच्या आत पांढरं मावत नसेल तर गाठ उघडीच सोडायची, आकडा वळवून. घ-ध, भ-म, थ-य, ख-रव ह्या चार जोड्या प्रत्येक बोर्डाआधी मी शेजारी शेजारी लावून, प्रिंट काढून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चिकटवून बघतो. आई स्वयंपाकघरातून वाचते. तिला अडखळायला झालं तर पास नाही.

अंतर

इंग्रजीत दोन अक्षरांमधली मोकळी जागा ठरवतात, आपल्याकडे शिरोरेघ एकमेकांना टेकते त्यामुळे जागा अक्षराच्या आतच डावी-उजवीकडे धरावी लागते. चौकोनी पोटांमुळे उभ्या रेघा जवळ जवळ येतात आणि ‘सानपाडा’सारख्या शब्दात काना, दांडा, काना, दांडा असं कुंपण तयार होतं. तिथे दोन उभ्या रेघांमधलं पांढरं हे व च्या पोटाइतकं तरी असू दे. ट, ठ, ड, द ह्यांना उजवीकडे दांडा नसतो, त्यांच्या शेजारी जागा आपोआप जास्त दिसते, म्हणून जरा आत ओढा.

शिरोरेघा एकमेकांवर १०-१५ युनिट चढवा, नुसत्या टेकवल्या तर स्क्रीनवर मध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसते. पण हीच फाइल विनायल कटिंगला दिलीत तर प्लॉटर, म्हणजे कापणारं मशीन, चढलेल्या प्रत्येक ठिकाणी आडवा काप मारतो आणि शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून द्यायच्या आधी सगळं वेल्ड करा, एकच आकार झाला पाहिजे. फॉन्टमधलं अक्षर असेल तर कर्व्ह करून, म्हणजे त्याचा साधा आकार बनवून, द्या, नाहीतर समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो आणि वेलांट्या नाचायला लागतात. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो.

आता वापर, कुठे आणि किती

दुकानाचा बोर्ड हे ह्या अक्षराचं खरं घर. २०२२ मध्ये दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या बोर्डवाल्यांना झोप नव्हती. त्या घाईत काय झालं, तर इंग्रजी लोगो मस्त डिझाइन केलेला आणि शेजारी मराठी कुठल्यातरी डिफॉल्ट फॉन्टात ताणून मोठं केलेलं. असं ताणू नका. आडवं ताणलं की उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात, कोपरे अंडाकृती होतात, साबण वितळतो. लोगोतला इंग्रजी ओ जर गोल कोपऱ्यांचा चौकोन असेल तर तुमचा ठ, व, ब त्याच वळणाचा काढा, दोन्ही भाऊ-भाऊ दिसतील. उंची जुळवताना इंग्रजी कॅपिटलचं डोकं शिरोरेघेच्या जरा खाली ठेवा, मात्रांना वर मोकळं आकाश मिळतं.

उंचीचं गणित नवीन लोक चुकवतात. बोर्डवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दर १० फुटांना १ इंच अक्षर. पण आपल्या अक्षरात मात्रा आणि ऊकार धरून एकूण उंची, माझ्या मापात, २५० अधिक ६६० अधिक २५० म्हणजे ११६० होते आणि वाचायचं मुख्य अंग त्यातलं फक्त ५७ टक्के. २ फुटांचा बोर्ड, वर-खाली ३-३ इंच समास, उरले १८ इंच, त्यात अक्षराचं अंग साधारण १० इंच. म्हणजे १०० फुटांवरून आरामात वाचता येईल. गोखले रोडला हे भरपूर झालं. घोडबंदर रोडला, जिथे माणूस गाडीतून आणि फ्लायओव्हरच्या पलीकडून बघतो, तिथे अजिबात नाही, तिथे नाव छोटं करा आणि अक्षर मोठं. तीन शब्दांचं नाव असेल तर एक शब्द ह्या जाड अक्षरात आणि बाकी दोन साध्या अक्षरात, मुक्ता फॉन्ट किंवा तसं काही.

कापून केलेल्या अक्षरांत ह्या स्टाइलचा एक छुपा फायदा आहे. राउटर म्हणजे अक्षर कापणारं मशीन, त्याचा बिट (पातं) गोल फिरतो, त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही, ३ मिलिमीटरचा बिट असेल तर आत दीड मिलिमीटरची गोलाई राहतेच. टोकदार अक्षर दिलं की ते मशीनवर बोथट होऊन येतं आणि तुम्ही भांडता. आपलं अक्षर मुळातच वळलेलं, जसं काढलं तसंच येतं. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळे एमआयडीसीत कुणाकडे काम देणार असाल तर बिट केवढा आहे ते आधी विचारा आणि पोटाचे कोपरे त्यापेक्षा जास्त गोल ठेवा. आत एलईडी टाकायचे असतील तर सगळ्यात बारीक रेघेत मॉड्यूल बसतंय का ते बघा. इ आणि ह ची ती ८० वाली रेघ इथे नडते. अनुस्वार वेगळा तुकडा असतो, त्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र स्टड (अक्षर पाटीला धरणारी खीळ), नाहीतर पहिल्या पावसात ‘मुंबई’ची ‘मुबई’ होते.

विनायलमध्ये उलट काळजी. आतले छोटे पांढरे तुकडे हाताने उपसून काढावे लागतात, फार बारीक फट ठेवलीत तर उपसणारा मुलगा वैतागून अर्ध्या तशाच सोडतो. काचेच्या दारावर तीन इंचाची अक्षरं असतील तर ह्या स्टाइलचा थोडा हलका अवतार वापरा.

टी-शर्ट. दहीहंडी जवळ आली की ठाण्यात हेच काम. पाठीवर पथकाचं नाव, अर्धगोलात. दोन गोष्टी. होजियरी कापडावर शाई पसरते, पोटं अजून लहान होतात, म्हणून छपाईची फाइल वेगळी करा, आतलं पांढरं ८-१० टक्के वाढवून. आणि हे अक्षर अर्धगोलात वाकवू नका, शिरोरेघ वाकली की चौकोनपणा संपला. सरळ ओळीत ठेवा आणि वाकवायचंच असेल तर ‘गोविंदा पथक’ हे छोटं साधं अक्षर वाकवा. पथकाची पोरं हट्ट करतात, त्यांना दोन्ही नमुने छापून दाखवा, मग ऐकतात.

मोबाइलवर यूट्यूबचा थंबनेल, इन्स्टाचं पोस्टर, तीन-चार शब्दांपर्यंत मस्त. लग्नपत्रिकेवर नको. पॅरेग्राफ तर अजिबात नको, चार ओळी झाल्या की वाचणाऱ्याला वाटतं कोणी ओरडतंय. ओळींमध्ये अंतर नेहमीपेक्षा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. काळी आउटलाइन, त्यावर पांढरी आउटलाइन, त्यावर सावली, हे बॅनरवाले आवडीने करतात. जाड अक्षराला त्याची गरजच नसते, आउटलाइन बाहेर वाढली की शेजारच्या फटी बुजतात. एकच रंग, एकच सपाट मागचा रंग, पिवळ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं.

लायसन्सचं पटकन. बलू, मोदक, टेको हे ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, धंद्याच्या कामात बिनधास्त वापरा, फक्त फॉन्टची फाइलच विकायला काढू नका. बाकी कुठल्या ग्रुपवर फिरणारी फॉन्टची झिप आली तर तिचं लायसन्स वाचल्याशिवाय बोर्डावर चढवू नका.

स्टेशनं झाल्यावर

एकोणीस अक्षरं झाली की मग येऊर, मुंब्रा, ढोकाळी, उथळसर, टेंभी नाका, चेंदणी. ढोकाळीचा ढ आत वळत जातो, त्याचं शेवटचं वळण मी कापूनच टाकतो. मग मराठीला लागणारे खास आकार: ‘दुसऱ्या मजल्यावर’मधला ऱ्य, तो पापणीसारखा र, जाड अक्षरात छोट्या आडव्या चिमटीसारखा काढायचा आणि शिरोरेघेच्या खाली टांगायचा. ॲ आणि ऑ ची चंद्रकोर, हिला टोकं बोथट ठेवा, नाहीतर चौकोनी कुटुंबात एकटी धारदार दिसते. आकडे विसरू नका, फोन नंबर त्याच बोर्डावर जाणार असतो आणि ५, ६, ९ जाड केले की एकमेकांसारखे व्हायला लागतात.

हे सगळं होईपर्यंत तीन-चार महिने जातात, रोज तासभर धरून. मग फॉन्टफोर्जमध्ये भरायला घ्या.

माझं स्वतःचं अजून ‘नेरूळ’वर अडलंय. रू चा ऊकार र च्या कमरेला लागतो आणि शेजारी ळ ची दोन पोटं, शब्दाची उजवी बाजू इतकी जड होते की बोर्ड वाकडा लावल्यासारखा वाटतो. ळ नेहमीपेक्षा अरुंद करून पाहिला, मग तो इंग्रजी आठ दिसायला लागला. सध्या डावं पोट १५ युनिट लहान करून प्रिंट दारावर लावलीय, आई येता-जाता बघते, अजून काही बोललेली नाही.